नाव कळण्याआधीचा खर्च

महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी सिव्हिल हॉस्पिटलच्या फाटकासमोरचा रस्ता सारखाच दिसतो. औषधांची दुकानं, झेरॉक्स, नारळपाणी, वडापावची गाडी, आणि त्यांच्या मध्येच काचेचं दार असलेली एखाद-दुसरी इमारत. पाटी अशी: डिजिटल एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन, एमआरआय, 24 तास. फाटकाच्या आत केसपेपरला पैसे लागत नाहीत. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. पण आतल्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘एमआरआय’ लिहिलं की आतलं मशीन एक तर नसतं, किंवा बंद असतं, किंवा त्याची तारीख दीड महिन्यानंतरची असते. मग तोच माणूस, त्याच दुपारी, रस्ता ओलांडून काचेच्या दारापाशी येतो आणि आत जाण्याआधी सोबतच्याला विचारतो, किती आहेत तुझ्याकडे?

हा रस्ता ओलांडायला काय पडतं, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. विषय लहान वाटतो, तो तसा नाही.

मी रेडिओलॉजिस्ट. कामाची सगळी वर्षं जिल्ह्याच्या गावात गेली, आधी फाटकाच्या आत, नंतर बाहेर. त्यामुळे पुढच्या पानांवर ज्यांची झडती घेतली आहे त्यांत माझाही व्यवसाय आहे, हे वाचकाने आधीच ध्यानात घ्यावं. संपादकांनी प्रस्तावनेला मलाच का गाठलं, ते मी विचारलेलं नाही.

आजारपणाच्या खर्चावर आपल्याकडे लिहिलं गेलं आहे ते मुख्यतः औषधांवर आणि ऑपरेशनच्या बिलांवर. सरकारी योजनाही त्याच वळणाने गेल्या. 2012 साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढे राज्यभर पसरली आणि 2017 मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर 2018 मध्ये आली. या योजनांनी हजारो कुटुंबांना जमीन विकण्यापासून वाचवलं आहे. बायपास, डायलिसिस, केमोथेरपी यांसाठी पूर्वी काय व्हायचं ते मी पाहिलेलं आहे, त्यामुळे योजनांना नावं ठेवण्याची फॅशन मला मानवत नाही. पण त्यांचा हिशेब एका विशिष्ट रीतीने चालतो. आजाराला नाव असतं, नावाला कोड असतो, कोडला पॅकेज असतं. ज्या आजाराला अजून नावच मिळालेलं नाही, त्याला पॅकेज कुठून येणार?

आणि नाव मिळण्यासाठीच तर स्कॅन लागतो. आयुष्मान भारतच्या नियमांत दाखल होण्याआधीच्या तीन दिवसांतल्या तपासण्यांचा खर्च धरलेला आहे. तीन दिवसांत निदान होतं ते अपघाताचं किंवा फुटलेल्या अपेंडिक्सचं. महिनाभर येऊन-जाऊन दुखणारं पोट, हळूहळू कमी होत गेलेलं वजन, उजव्या हातात आलेला बारीकसा कंप यांचा शोध तीन दिवसांत लागत नाही. आधी गावातले डॉक्टर, मग तालुक्याचे, सोनोग्राफी, पुन्हा सोनोग्राफी कारण पहिलीत नीट दिसलं नाही, मग सीटी, मग ‘कॉन्ट्रास्ट टाकून करून आणा’. योजनेत नोंद करायला रुग्णालयाला पुरावा लागतो आणि तो पुरावा बहुधा याच फिल्म असतात. योजनेच्या दारात पाय ठेवायला जो कागद दाखवायचा, तो योजनेबाहेरच्या पैशांनी आणायचा.

ज्याला शेवटी मोठा आजार निघाला, त्याचं निदान पुढे तरी योजनेत जमा होतं. ज्याचा रिपोर्ट नॉर्मल आला, तो कुठल्याच हिशेबात येत नाही. तो दाखल होत नाही, त्याचा क्लेम होत नाही, कुठल्याही डॅशबोर्डवर तो दिसत नाही. त्याचे सहा हजार मात्र गेलेले असतात. खाऊन-पिऊन सुखी घरात नॉर्मल रिपोर्ट आला की पेढे आणतात. हातावर पोट असलेल्या घरात मी वेगळंच पाहिलं आहे: ‘काहीच निघालं नाही’ हे वाक्य फसवलं गेल्यासारखं ऐकलं जातं. एवढे पैसे घातले आणि हातात काय आलं? काहीच नाही. तो राग अडाणीपणाचा आहे असं समजणाऱ्या तरुण डॉक्टरांनी या पुस्तकाचं दुसरं प्रकरण आधी वाचावं.

आकडे थोडक्यात सांगतो. साधा एक्स-रे काहीशे रुपये, सोनोग्राफी हजाराच्या आसपास, सीटी दोन ते पाच हजार, एमआरआय पाच ते दहा हजार, पेट-सीटी त्याहून कितीतरी वर. शहराप्रमाणे, मशीनप्रमाणे आणि कुणी पाठवलं त्याप्रमाणे हे बदलतात. 2024-25 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. सहा हजारांचा एमआरआय म्हणजे वीस दिवसांची मजुरी, आणि कायद्याने केंद्राने हमी दिलेले दिवस होते वर्षाला शंभर.

पण दरपत्रकावरचा आकडा हा खर्चाचा एक तुकडा असतो. कॉन्ट्रास्टचे वेगळे. कॉन्ट्रास्ट देण्याआधी मूत्रपिंडं धड आहेत का हे बघायला क्रिएटिनिन, त्याचे वेगळे. वाड्यावरून तालुक्याला जीप, तिथून एसटी. पेशंट बाई असेल तर सोबत एक बाई आणि एक पुरुष, म्हणजे तीन माणसांची मजुरी बुडाली. नंबर संध्याकाळी लागला तर रात्र तिथेच. रिपोर्ट ‘उद्या अकराला’ म्हटलं की आणखी एक फेरी. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरून म्हणणं, ‘हा स्कॅन बरोबर नाही, आमच्या इथे पुन्हा करा.’ कधी ते खरं असतं. कमी ताकदीच्या जुन्या मशीनवर घाईत काढलेल्या चित्रात खरोखरच काही दिसत नाही. कधी ते खरं नसतं. दोन्हींतला फरक ओळखण्याचं साधन पेशंटकडे नाही.

हे पैसे येतात कुठून, याचा या पुस्तकातला भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. बचत गटाचं कर्ज शिलाई मशीनसाठी काढलेलं असतं, जातं सीटीवर. मायक्रोफायनान्सचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज. शेळी. मंगळसूत्रातल्या वाट्या. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबात मुकादमाकडून उचल वाढवून घेणं, म्हणजे पुढच्या हंगामाचं अंग आजच विकणं. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे देशातल्या एकूण आरोग्य खर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. घट चांगली आहे. पण टक्केवारीला मुकादम दिसत नाही.

मग स्कॅन इतका महाग का? विल्हेल्म राँटगेनने 1895 च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले तेव्हा त्यांचं पेटंट घ्यायला नकार दिला, हे आम्हा रेडिओलॉजिस्टांच्या संमेलनांत अभिमानाने सांगितलं जातं. त्यानंतर आमच्या व्यवसायात फुकट असं फारसं काही राहिलं नाही. पहिला सीटी स्कॅन 1971 मध्ये लंडनला झाला. गॉडफ्रे हाउन्सफील्डने ते यंत्र बनवलं ते ईएमआय कंपनीत. एमआरआयचा चुंबक उणे 269 अंशांच्या द्रव हेलियममध्ये बुडवून ठेवावा लागतो, आणि हेलियम आपण आयात करतो. मोजक्या लिटरांवर भागवणारी नवी यंत्रं आली आहेत, पण जिल्ह्याच्या गावात येतं ते अनेकदा मोठ्या शहरात वापरून झालेलं. चिलर बंद पडून चालत नाही, वीज जाऊन चालत नाही. सीटीची ट्यूब ठरावीक स्कॅननंतर जाते आणि ती कित्येक लाखांची असते. पेट-सीटीचं तर भूगोलाशीच वैर आहे. त्यासाठी लागणाऱ्या फ्लोरिन-18चं अर्धायुष्य 110 मिनिटांचं. सायक्लोट्रॉनमधून निघाल्यावर दोन तासांत निम्मं संपलेलं. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन 2002 मध्ये मुंबईत परळला सुरू झाला, आणि भामरागडच्या माणसाला पेट-सीटीसाठी शहर गाठावंच लागणार हे तिथल्या एखाद्या अधिकाऱ्याने ठरवलेलं नाही, भौतिकशास्त्रानेच ठरवलेलं आहे. प्रवासाचे पैसे कुणी द्यायचे, हे मात्र भौतिकशास्त्र ठरवत नाही.

यंत्रासाठी बँकेचं कर्ज असतं. हप्ता भरायचा तर दिवसाला अमुक इतके स्कॅन झालेच पाहिजेत. ते आपोआप होत नाहीत. कुणीतरी चिठ्ठी लिहावी लागते. इथे ‘कट’ येतो.

कट म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. पाठवणाऱ्या डॉक्टरला महिन्याच्या शेवटी पाकीट. हल्ली पाकिटाऐवजी ‘प्रोफेशनल फी’, परिषदेचा खर्च, कधी दिवाळीची भेट. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेत असं कमिशन देणं आणि घेणं दोन्ही निषिद्ध आहे. 2017 मध्ये महाराष्ट्र सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, कट प्रॅक्टिस रोखणाऱ्या कायद्याचा मसुदा झाला, वर्तमानपत्रांत चर्चा झाली. कायदा झाला नाही. मसुद्याला विरोध करणाऱ्या डॉक्टरांचं म्हणणं होतं की याचा वापर पोलीस हप्त्यासाठी करतील. ती भीती निराधार नव्हती, आणि सोयीचीही होती.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण ती पुस्तकात थोडी सभ्यपणे लिहिली गेली आहे. कट हा सेंटरच्या नफ्यातून जात नाही. तो दरातच मिसळलेला असतो आणि पेशंट तो भरतो. थेट आलेल्या, चिठ्ठी नसलेल्या माणसाने विचारलं तर काही ठिकाणी तोच स्कॅन कमी पैशांत होतो. ज्याला विचारायचं धैर्य आहे, ज्याचा मेव्हणा वकील आहे, त्याला सवलत मिळते. ज्याला सर्वांत जास्त गरज आहे तो पूर्ण दर देतो. कट न देणारी सेंटर्स आहेत, पण गावातल्या दोनांपैकी एकाने दिला की दुसऱ्याला स्वच्छ राहणं हे तत्त्वाचं कमी आणि घराच्या बजेटचं जास्त होऊन बसतं.

दर बांधता येतात का? येतात, आणि आपण ते एकदा पाहिलं आहे. 24 सप्टेंबर 2020 ला, कोरोनाच्या पहिल्या लाटेत, राज्य सरकारने छातीच्या एचआरसीटीचे कमाल दर ठरवले: सोळा स्लाइसपेक्षा कमी क्षमतेच्या मशीनवर 2000, सोळा ते चौसष्टवर 2500, त्याहून मोठ्यावर 3000 रुपये. फिल्म, पीपीई किट, निर्जंतुकीकरण सगळं त्यातच. त्याआधी दुप्पट-तिप्पट घेतले जात होते. आम्ही रेडिओलॉजिस्टांनी कुरकुर केली, मीही केली, आणि सेंटरं चालू राहिली. त्या वर्षी खेड्यापाड्यांत माणसं एकमेकांना ‘स्कोर किती?’, म्हणजे सीटीत फुप्फुसं किती बिघडलेली दिसली, असं विचारू लागली. पंचवीसपैकी आठ म्हटलं की हायसं, सोळा म्हटलं की बेड शोधायची धावपळ. एवढी तांत्रिक गोष्ट इतक्या लवकर लोकांच्या तोंडी बसलेली मी दुसरी पाहिली नाही. त्यात गरज नसताना काढलेले स्कॅनही पुष्कळ होते, साधा ताप आला तरी लोक रांगेत उभे राहायचे. दर कमी झाला की मागणी वाढते हा धडाही त्यातच आहे, आणि दर बांधण्याची मागणी करणारे तो सहसा सांगत नाहीत. साथ ओसरली आणि विषय मागे पडला. मेंदूच्या सीटीचा, कमरेच्या एमआरआयचा दर बांधायला कुठलीच लाट आली नाही.

कमरेचं घ्या. कंबर दुखते म्हणून एमआरआय हा माझ्या टेबलावर सर्वांत जास्त येणारा स्कॅन होता. पायातली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, ताप, कॅन्सरचा इतिहास, अपघात अशी धोक्याची लक्षणं नसतील तर पहिले सहा आठवडे कुठलंही चित्र काढू नये, असं बहुतेक आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. कारण साधं आहे. कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय एकत्र अभ्यासले गेले आहेत. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या आढाव्यात विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के माणसांच्या मणक्यांच्या चकत्या झिजलेल्या आढळल्या. म्हणजे भात लावणाऱ्या, पाटी उचलणाऱ्या चाळिशीच्या बाईचा मणका मशीनमध्ये घातला की ‘गादी सरकली आहे’ हे निघणारच. तिला ते वाक्य विकत मिळतं सहा हजारांना, आणि पुढे ती त्या वाक्याच्या धाकात जगते. ओझं उचलू नका, हा सल्ला जिला ओझं उचलण्याचेच पैसे मिळतात तिने काय करायचा?

याच्याही पुढचा टप्पा बीडने पाहिला. 2019 मध्ये ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. कारणं अनेक आहेत: फडावर शौचालय नाही, पाळीच्या दिवसांत खाडा केला तर मुकादमाचा दंड, पोरवयातली लग्नं. पण त्या साखळीत एक कडी सोनोग्राफीची होती. अंगावर जातं, ओटीपोट दुखतं म्हणून आलेल्या बाईला पडद्यावरचा काळा ठिपका दाखवून ‘गाठ आहे, कॅन्सर होईल’ म्हणणं सोपं होतं. गोळ्यांनी बरा होणारा संसर्ग आणि काढून टाकायचं गर्भाशय यांच्यात फरक करायला दुसरं मत लागतं. दुसरं मत म्हणजे दुसरी फेरी, दुसरी फी. या विषयावर बोलताना आपण नेहमी स्कॅन न मिळण्याबद्दल बोलतो. स्वस्तातला, सहज मिळालेला स्कॅन किती महाग पडतो, ते बीडमध्ये दिसलं.

सोनोग्राफीचीच दुसरी बाजूही आहे. गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र 1988 मध्ये देशातलं पहिलं राज्य. केंद्राचा कायदा 1994 चा. तरीही शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुलींचं प्रमाण 2001 मध्ये 913 होतं ते 2011 मध्ये 894 झालं, बीडमध्ये तर 807. त्यामुळे मशीन कुठे आहे, कोण चालवतो, एका जागेवरून दुसरीकडे नेतो का, यावर कडक बंधनं आली. ती हवीतच. पण त्याचा अर्थ असाही झाला की बॅगेत मावणारं मशीन दुर्गम पाड्यावर नेता येत नाही, आणि अडलेल्या गरोदर बाईला मशीनकडे यावं लागतं. मुली मारणाऱ्या सुखवस्तू घरांचं प्रायश्चित्त धडगावची बाई जीपभाड्यात देते. यावर मला तोडगा माहीत नाही, आणि पुस्तकातला तोडगा मला पटलेला नाही.

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने 2015 मध्ये मोफत निदान सेवेचा कार्यक्रम आणला. त्यात जिल्हा रुग्णालयात सीटी आणि लहान रुग्णालयांतल्या एक्स-रेचं दुरून वाचन या दोन्ही गोष्टी आहेत. ग्रामीण रुग्णालयातला एक्स-रे आज पुण्यात बसलेला डॉक्टर वाचू शकतो. क्षयरोगासाठी छातीच्या एक्स-रेचं संगणकाने वाचन करायला जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये मान्यता दिली. मुंबईच्या ‘समीर’ या सरकारी संशोधन संस्थेने देशी एमआरआय बनवलं असून त्याच्या चाचण्यांसाठी 2025 मध्ये दिल्लीच्या एम्सशी करार झाला. हे सगळं मी उत्सुकतेने पाहतो आहे. पण मशीन घेणं हा या गोष्टीतला सोपा भाग. उद्घाटनाला मंत्री येतात, ट्यूब गेल्यावर कुणी येत नाही. देखभालीचा करार संपलेला, तंत्रज्ञाचं पद रिकामं, तीन पाळ्यांऐवजी एकच पाळी, दुपारी दोनला कुलूप, आणि समोरच्या काचेच्या दारावर ‘24 तास’. शिवाय अलीकडे अनेक जिल्हा रुग्णालयं नव्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडली गेली. इमारत तीच, पण खातं बदललं, आणि खात्यासोबत शुल्काचे नियमही. हे पेशंटला कळतं ते पावतीवरून.

आजाराच्या आधीच पैसा एकत्र करण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजूंच्या पुढाकाराने आसपासच्या गावांत सुगीच्या वेळी ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन आरोग्य विमा चालवला. ज्याची जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त. तेव्हा सीटीचा प्रश्न नव्हता. पण खर्चाचा भार त्या गावाने आधीच वाटून घेतला होता, आजाराचं नाव कळेपर्यंत थांबलं नव्हतं. पुस्तकात याचा उल्लेख चार ओळींत आटोपला आहे. मी असतो तर चाळीस पानं दिली असती.

संपादकांशी माझा मुख्य मतभेद शेवटच्या प्रकरणाबद्दल आहे. त्यांची मागणी आहे की सर्व स्कॅन, कुणीही लिहिलेले, सरकारने मोफत करावेत. माझं म्हणणं, कुणीही लिहिलेले नव्हे. ज्याने पेशंटला पलंगावर झोपवून पोट दाबून पाहिलं, रिफ्लेक्स तपासले आणि काय शोधायचं ते चिठ्ठीवर एका वाक्यात लिहिलं, त्याचा स्कॅन मोफत व्हावा, मग रिपोर्ट नॉर्मल येवो की न येवो. माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर बहुतेक वेळा फक्त तपासणीचं नाव असायचं, प्रश्न नसायचाच. त्यावर संपादकांनी विचारलं की ओपीडीत दिवसाला दीडशे पेशंट पाहणाऱ्या डॉक्टरने पोट कधी दाबायचं. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, त्यांच्याकडेही नव्हतं. तो वाद त्यांनी शेवटच्या प्रकरणाच्या तळटीपेत दोन्ही बाजूंनी छापला आहे, आणि तो वाचकाने पुढे चालवावा अशी आम्हा दोघांचीही इच्छा आहे.